जे. क्वेरिपेल, मार्च १९४३

मिक्सरमधलं काँक्रीट दीड तासात ओतावं लागतं, नाहीतर ड्रममध्येच दगड होतो.

लोर्ना क्वेरिपेलच्या उजव्या गुडघ्यात स्टील आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बांधून घेतलेल्या बंकरमध्ये बटाटे एप्रिलपर्यंत टिकतात. कोंब येत नाहीत.

आमच्या गर्न्झी बेटावर कुणी तुमच्या जागेवर अन्याय करत असेल, तर त्याच्यासमोर गुडघे टेकायचे, दोन साक्षीदार ठेवायचे आणि 'हारो' अशी हाक घालून फ्रेंचमध्ये दाद मागायची. काम तिथंच थांबतं, कोर्ट सांगेपर्यंत. हजार वर्षांचा कायदा म्हणतात. अजून चालतो.

गुरुवारी सकाळी मी आणि लोर्ना तिच्या शेतातल्या बंकरमध्ये होतो. बेटावरचे बंकर मोजून नकाशे काढायचा मला छंद. हा एकशे बारावा. दाराशी घोटाभर चिखल, डावीकडे वळण, मग तोफेची खोली. छतातून चुन्याची बोटं लोंबत होती. लोर्नानं बॅटरी मागच्या भिंतीवर धरली. सिमेंट ओलं असताना कुणीतरी खिळ्यानं कोरलं होतं: जे. क्वेरिपेल, मार्च १९४३.

"आमचे बाबा," ती म्हणाली. "जर्मनांकडे कामाला होते. दुप्पट मजुरीवर. गावानं मरेपर्यंत ऐकवलं."

बाहेर मिक्सर घरघरला. आम्ही धावलो. बंकर काँक्रीटनं बुजवायला तिचा भाऊ सिरिल हातवारे करत ट्रक दाराकडे मागं घेत होता. शेत दोघांच्या नावावर आहे.

"शनिवारी म्हणाला होतास," लोर्ना म्हणाली.

"शनिवारी तू दारात बसली असतीस."

"आज उभी आहे."

"हो बाजूला. बाबा गेले, त्यांच्याबरोबर हेही जाऊ दे. उद्या पेपरात फोटो येईल. हा बघ, मोजायची टेप घेऊन आलाच आहे."

"येऊ दे. नाव कसं लिहायचं ते मीच सांगेन."

ती चिखलात खाली बसू लागली. मी कोपर धरलं.

"सोड. माझं मला टेकू दे."

"साक्षीदार दोन लागतात," सिरिल म्हणाला. "तुझ्याकडे एकच टेपवाला."

ड्रायव्हर मार्कँडनं इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला. "दुसरा मी."

"तुला मी बोलावलंय."

"काम करायला. ते तर थांबलं. आणि सिरिल, माझ्या आजोबांनीही इथं फावडं मारलंय. त्यांनी नाव लिहिलं नाही, एवढंच."

लोर्नानं टोपी काढली. "हारो, हारो, हारो. धावून या, माझ्या राजा, माझ्यावर अन्याय होतोय." मग फ्रेंचमधून प्रार्थना. 'आमची रोजची भाकरी आज आम्हाला दे' इथवर आली आणि अडली. ओठ हलले, शब्द येईना. प्रार्थना पुरी झाली नाही, तर दाद फुकट.

सिरिल ट्रकच्या चाकाकडे बघत होता.

"आणि आमच्या अपराधांची क्षमा कर," तो फ्रेंचमध्ये पुटपुटला. "चल पुढं."

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली, आणि आमेनपर्यंत खणखणीत म्हणून गेली.

मार्कँड ट्रक घेऊन निघाला. लोर्नानं हात वर केला, माझ्याकडे नाही, सिरिलकडे.

"कोर्टात भेटूच. आधी उठव मला."

त्यानं तिला उठवलं. दुपारी तिनं कोर्टात दाव्याचा कागद नोंदवला.

भिंतीवरचं ते नाव पहिल्यांदा सिरिललाच सापडलं होतं, १९६१ साली. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.