अकराव्यांदा बंद पडलेलं मशीन

लाइट गेली, जनरेटर लागेपर्यंत सर्व्हर बंद पडून परत सुरू झाला, आणि गोदामाचं गेटपासचं मशीन नेटवर्कवरून गायब. मशीन म्हणजे हाताला लागेल असं काही नाही. त्या सर्व्हरच्याच पोटात चालणारं व्हर्च्युअल मशीन. पण ते बोललं नाही तर गेटपास निघत नाही, आणि गेटपास नाही तर ट्रक हलत नाही.

“मेघाली, भावेशला लाव की फोन,” गोदामाचे मालक दौलतशेठ म्हणाले. “त्यानंच बसवलंय ना?”

“काही गरज नाही,” मेघाली म्हणाली.

दीड वर्षात हे दहादा म्हणून झालं होतं. नोकरी सोडून पुण्याला जाताना भावेश एवढंच म्हणाला होता, बिघडलं तर फोन कर. दोन वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, आणि निरोपाला एवढंच? मग तिनंही हट्ट धरला. आठवण रोज यायची, फोन एकदाही केला नाही. जळला मेला तो फोन.

दुरुस्ती आता तोंडपाठ होती. आधी मशीनला पिंग करायचं, उत्तर येत नाही म्हणून त्याचा पत्ता तपासायचा, मग कळायचं की त्याचं नेटवर्क कार्ड भलत्याच स्विचला जोडलंय, जिथून बाहेर वाटच नाही. ते बदललं की दोन मिनिटांत काम फत्ते. आजही झालं. ट्रक हलले.

पण आज तिला राहवेना. टेबलावर भावेशच्या लग्नाची पत्रिका पडली होती. टेमघरला, त्याच्या घरी, आजच हळद. यापुढे अडलं तरी विचारायचं कुणाला? एकदाचं मूळच शोधावं म्हणून ती सर्व्हर उघडून बसली. सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कामांत एक छोटी फाइल सापडली. सर्व्हर उठला की हीच बया मशीनचं कार्ड काढून भलतीकडे लावत होती. तारीख भावेशच्या शेवटच्या दिवसाची. वर एक ओळ: ‘मुद्दाम ठेवलंय. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्या निमित्तानं फोन तरी करशील.’

मेघालीनं ती वाचली, परत वाचली. मोठी शहाणी लागून गेली होती. अकरा वेळा स्वतःच्या हातांनी तिनं त्याचं बोलावणं दुरुस्त करून टाकलं होतं.

तिनं फोन लावला. त्याच्या आईनं उचलला. मागे बायका हळदीचे धवले गात होत्या.

“कोन गो? तो हलदीला बसलाय, हात भरलेत त्याचे. काय काम व्हतं?”

“काही नाही, काकी. मशीन बंद पडलं होतं. झालं चालू.”

“मंग बरा हाय. तू पन ये गो बाय हलदीला.”

“येते,” मेघाली म्हणाली, आणि गेली नाही.

फोन ठेवून तिनं ती फाइल काढून टाकली. त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही; दौलतशेठ येईल त्याला कौतुकानं सांगतात. लाइट काय, महिन्या-दोन महिन्यांनी जातेच. ती गेली की मेघाली हातातलं सोडून आधी तेच मशीन बघायला धावते. चालूच असतं मेलं.