रिकाम्या गोठ्यातली पाहुणी

बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावच्या अलीकडच्या एका गावात दावणी रिकाम्या पडल्या होत्या. मालनबाईंची बैलजोडी आणि गाय छावणीला गेली, तेव्हापासून गोठ्यात शेणाचा वाससुद्धा उरला नव्हता. मग सून रोज दुपारी तिथं कशाला जाते?

हा प्रश्न मालनबाईंच्या मनात कुसळासारखा रुतून बसला. त्यांचा मुलगा गोरक्ष उजाडताच दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. मागं घरात सासू-सून दोघीच. भाकरी झाल्या, भांडी झाली, की पुष्पावती गुळाचा चहा दोन कपांत ओतायची, गोठ्यात जायची आणि कवाड लोटून घ्यायची. बाहेर यायची ती तोंड उजळलेलं घेऊन, आणि हातातले दोन्ही कप रिकामे.

एका दुपारी मालनबाईंनी कुडाला कान लावला.

आत पुष्पा बोलत होती. मराठी नव्हतं ते. ‘प्लीज सिट, प्लीज सिट,’ असं दोनदा म्हणाली, मग कुणाचं तरी ऐकल्यासारखी थांबली, हसली आणि भराभर काहीबाही सांगत सुटली. मध्येच अडली की स्वतःच्या गालावर चापट मारायची, गळ्यातला टाक मुठीत धरायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कुडाच्या फटीतून दिसलं ते एवढंच, की गव्हाणीच्या कडेवर एक कप ठेवलाय आणि सून त्या कपाच्या वर, मोकळ्या जागेकडे बघून बोलतेय.

मालनबाई कुडापासून मागं सरल्या, त्या टाकामुळं.

पुष्पा गोरक्षची दुसरी बायको. पहिली चांगुणा काविळीनं गेली. दुसरी करून आणली की पहिलीच्या नावाचा टाक, मुखवटा ठोकलेली चांदीची चकती, तिच्या गळ्यात घालायचा, सणाला नैवेद्य आधी त्याला दाखवायचा, नवं लुगडं आधी त्याला लावून मग नेसायचं, म्हणजे गेलेली रुसत नाही. मालनबाईंनी हे सगळं रीतसर केलं होतं. तरी आली म्हणायची का चांगुणा? आणि आली ती सासूला सोडून सवतीशी बोलायला? जित्या सुनेला दोन शब्द सुनावता येतात. मेलेलीला काय सुनावणार? त्यातून दोघी मिळून कुणाबद्दल बोलत असतील, हे काय सांगायला पाहिजे?

शेजारच्या राहीबाईला त्यांनी हळूच विचारलं. राहीबाईनं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं.

“बस बस म्हन्ती? अगं, भगत बी आधी बसवतोच की. मंत्रच हाय त्यो.”

“पन चांगुणाला इंग्रजी कुठं येत हुतं?”

“मेल्यावर समदं येतंय.”

मालनबाई खुळ्या नव्हत्या. त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. “टाक काळा पडलाय, दे, चिंचेनं घासते,” म्हणून सुनेच्या गळ्यातून तो काढून घेतला आणि कनवटीला खोवला. त्या दुपारी गोठ्यात सामसूम. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुष्पा कप घेऊन गेली आणि चहा न पिताच परत आली.

झालं, खात्री पटली. मालनबाईंनी बेलापूरला, सुनेच्या माहेरी, सांगावा धाडला, बहिणीला घेऊन जा. मढीच्या देवाला नेऊन भुतापासून मोकळी करा, मग धाडायची का न्हाई ते बघू.

गुरुवारी पुष्पाचा भाऊ बन्सी आला. बेलापूरकडचा माणूस, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. इकडची करपलेली रानं बघून आधीच हबकला होता. त्यात हे.

“पुष्पे, काय ऐकतोय मी?”

पुष्पा आधी रडली, मग चिडली. “दादा, भूतबीत काही नाही. मागच्या महिन्यात जीपमधून दुधाची पावडर घेऊन परदेशी मॅडम आल्या होत्या. त्यांना गावात इंग्रजी बोलणारी एक बाई पाहिजे, कायमची मदतीला. मी मॅट्रिक झालेली, पण तोंड उघडलं आणि अडकले. सगळ्या बाया हसल्या. मग बोलायची सवय करायला कुणीतरी हवं ना? म्हणून मनानंच पाहुणी केली. कधी ती डॉक्टरीण असते, कधी बाजारातली वांगीवाली, तिच्याशी घासाघीस करायची. चहा संपेपर्यंत मराठी बोलायचं नाही. बोललं की चापट.”

“आन् टाक कशाला धरायचीस?” मालनबाईंनी विचारलं.

पुष्पानं मान खाली घातली. “पाहुणीला तोंडावळा पाहिजे, आत्याबाई. ओळखीचं कुणीही डोळ्यांपुढं आणलं, की ते हसायलाच लागतं. टाकावरच्या चांगुणाताई हसत नाहीत.”

बन्सी सासूकडे बघायला लागला. मालनबाईंनी ओठ मुडपले. सबब तर गुळगुळीत होती. फारच गुळगुळीत. भूतच शिकवत असेल.

“ट्रंक भर,” त्या म्हणाल्या.

तिघं एस.टी.च्या रस्त्याला निघाली. वाटेत चावडी लागते. तिथं नेमकी जीप उभी होती. बाया-पोरांचा गराडा पडलेला, आणि मधोमध उन्हानं लाल झालेली मॅडम पावडरचा डबा हातात घेऊन काहीतरी कळवळून विचारत होती. गावातली लेकरं दूध पिऊन आजारी पडत होती, एवढं सगळ्यांना माहीत होतं. ग्रामसेवक भाऊसाहेब मात्र तिच्या प्रत्येक बोलण्याला ‘येस, येस’ करत मान डोलवत होते.

बन्सीनं बहिणीला पुढं ढकललं. “जा की. एवढी शिकलीस ना?”

पुष्पा मॅडमसमोर उभी राहिली. ओठ हलले. शब्द नाही. हात गळ्याशी गेला, तिथं नुसतं मंगळसूत्र.

“वाचा बसली गं बया!” राहीबाई मोठ्यानं म्हणाली. चारचौघी खुदखुदल्या. “निघाली मड्डम व्हायला!”

ते हसू मालनबाईंच्या वर्मी लागलं. आपल्या घरची सून, भर चावडीत, आणि ही हसणार? त्यांनी कनवटीतून टाक काढला. पुढं गेल्या आणि तो सुनेच्या मुठीत कोंबला.

“भूत तर भूत,” त्या पुटपुटल्या, “घरचंच हाय. बोल म्हनावं!”

पुष्पानं मूठ आवळली. डोळे क्षणभर मिटले, उघडले. मग चावडीच्या ओट्याकडे हात करून अगदी पाहुणचाराच्या आवाजात म्हणाली, “प्लीज सिट.”

आणि मॅडम बसली.

मालनबाई बघतच राहिल्या. मंत्राचं काही नव्हतं त्यात. हाडामांसाची बाई बसली होती, घाम पुसत होती. पुष्पा तिच्याशेजारी टेकली आणि बोलू लागली. अडली, गालावर चापट मारली, पुन्हा बोलली. मॅडम आधी चपापली, मग हातातला डबा खाली ठेवून नीट ऐकायला लागली. मागाहून पुष्पानं सांगितलं तेव्हा सगळ्यांना कळलं: जळण नाही, पाणी कुणी उकळत नाही, विहिरीच्या तळातल्या गढूळ पाण्यात पावडर कालवतात, तेव्हा घरोघरी डबे देऊ नका, इथंच चावडीवर मोठ्या पातेल्यात दूध शिजवा, मी बघते. दुसऱ्याच दिवसापासून चूल मांडायचं ठरलं. राहीबाई आपला पावडरचा डबा पदराखाली घेऊन गुपचूप घरी गेली.

ट्रंक डोक्यावर घेऊन बन्सी घरी परतला, जेवला आणि एकटाच बेलापूरच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी चावडीवरचं दूध वाटून झालं आणि दुपारी पुष्पा दोन कप घेऊन गोठ्यात गेली. कवाड मालनबाईंनीच ढकललं.

“चांगुणा कुठं बसती?”

“त्या तिथं, गव्हाणीवर.”

मालनबाई तिला जागा सोडून, खुंट्याजवळ बसल्या. “आता बोल. दोघी मिळून माज्याबद्दल काय बोलत हुता, त्येच बोल.”

पुष्पानं हसू दाबलं आणि इंग्रजीत बरंच काही सांगितलं. मालनबाई तिचं तोंड निरखत होत्या. ह्या पोरीवर पुरता विश्वास टाकायचा त्यांचा अजून विचार नव्हता.

“एवढं लांब? चांगलं असतं तर चार शब्दांत झालं असतं.” मग नजर गव्हाणीवरच्या कपाकडे गेली. “आन् काय गं, ह्यो दुसरा कप कोन पीत हुतं?”

“मीच, आत्याबाई.”

“वाटलंच मला,” मालनबाई म्हणाल्या, आणि हात लांबवून तो कप स्वतःकडे ओढला. “तरीच गूळ लवकर सरायचा.”