पाठीवरचे निखारे

मित्रांनो, मला बाहेरून पाहिले तर मी फार काही नाही. पत्र्याची एक पेटी, पुढे काचेचे दार, आत चार सळया, दोन वर आणि दोन खाली, आणि मधोमध एक जाळी. लोक मला ओव्हन म्हणतात. त्यातही मी लहान, ओट्यावर मावणारा. वय नऊ वर्षे. त्यातली तीन मी माळ्यावर काढली.

माझा जन्म ज्या शहरातल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही, कारण तिथे मी एकच दिवस होतो. एवढे आठवते की एका बाईने माझ्या उजव्या कुशीत, बटणाच्या मागे, दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली एक पट्टी बसवली. तापल्यावर हे दोन धातू सारखे वाढत नाहीत, म्हणून पट्टी वाकते. ती वाकली की वीज तुटते आणि सळया बंद पडतात. निवली की ती सरळ होते आणि सळया पुन्हा तापू लागतात. सळया चालू असतील तेव्हाच माझ्या तोंडावरचा लाल दिवा लागतो. मला जे काही कळते ते या पट्टीमुळे. ती फसली की मी फसतो.

पहिली तीन वर्षे मी मडगावला एका फ्लॅटमध्ये होतो. सकाळी पाव, संध्याकाळी पाव. पाहुणे आले की घरची बाई माझ्या काचेवरून हात फिरवून कौतुक सांगायची. मग तिथे दुसरा, मोठा ओव्हन आला. त्यात अख्खी कोंबडी गोल फिरायची. मला पुसून, गुंडाळून माळ्यावर ठेवले. शेजारी नाताळचा मोडका आकाशकंदील होता. मला कोणी रागावले नव्हते, मी मोडलोही नव्हतो. फक्त मला कोणी हाक मारत नव्हते.

त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींची काळजी घ्यायला राखी नावाची मुलगी होती. माळ्यावर माझी तीन वर्षे झाली तेव्हा आजी वारल्या आणि राखीचे काम संपले. निघताना घरच्या बाईने तिला दोन साड्या दिल्या आणि मला दिले. पुढे असेही सांगितले की वास्कोला आमच्या बहिणीकडे बाळ झाले आहे, ते सांभाळायला चार आठवड्यांनी तिकडे जायचे असेल तर कळव. राखी गणेशचवथीला घरी आली ती मला जुन्या चादरीत बांधून, मांडीवर घेऊन. घाटात बस वळली की ती मला दोन्ही हातांनी धरायची. इतक्या वर्षांत मला इतके घट्ट कोणी धरले नव्हते.

तिचे घर घाटमाथ्यावर, कुंभारवाडा नावाच्या गावाच्या पुढे, रानातल्या एका वाडीत. घरात तिची आई शांती, बाप परशुराम आणि बापाची आई बाळी. परशुराम भातशेती बघायचा आणि हंगामात जंगलखात्याच्या रोपवाटिकेत कामाला जायचा. मला चुलीपासून लांब, खिडकीखालच्या लाकडी मेजावर बसवण्यात आले. घरात पाट होते, चटई होती, पण मेज एकच होते. म्हातारी बाळी रोज येता-जाता मला बघायची आणि म्हणायची, "हा जावई हाय जावई. आला, उंचावर बसला, नि काम काय करत न्हाई."

काम मिळायला फार दिवस लागले नाहीत. सुप्याच्या धरणाच्या पाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाबळेश्वर नावाच्या गृहस्थाचा होमस्टे होता. चवथीत त्याने शांतीच्या हातची तवसळी खाल्ली होती. पावसाळ्यातले मोठे तवसे, म्हणजे जाड सालीची काकडी, किसून त्यात तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालायचे, टोपात हळदीचे पान पसरून त्यावर ते ओतायचे, टोप चुलीवर ठेवायचा आणि झाकणावर निखारे घालायचे. खालून आग, वरून आग. महाबळेश्वरने विचारले की शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या चहाला दर आठवड्याला दोन ताटे मिळतील का. पाहुणे मेपर्यंत येत राहतात. पण चुलीवर एका वेळी एक टोप, आणि लाकडे अजून ओली. तेव्हा राखी म्हणाली, आपल्याकडे हा आहे की. आणि माझ्याकडे बोट दाखवले.

मित्रांनो, त्या बोटाचा अर्थ मला नंतर कळला. हे काम जमले तर राखीला इथेच हाताला काम होते. ती आणि तिची आई दोघी मिळून ते सांभाळू शकल्या असत्या. नाही जमले तर वास्को. शांतीला लेक जवळ हवी होती. ती रोज राखीचे केस विंचरताना नको तितका वेळ लावायची. पण तोंडाने तिने एकदाही तसे म्हटले नाही. राखीही काही म्हणाली नाही. दोघी माझ्याबद्दलच बोलायच्या.

राखीने आईला मला कसे चालवायचे ते शिकवले. हे बटण फिरवायचे, दिवा लागतो. आत पुरेसे तापले की दिवा विझतो. शांतीने मान हलवली आणि शब्द न् शब्द लक्षात ठेवला.

करून पाहण्याच्या पहिल्या दोन खेपा संध्याकाळी झाल्या, कारण दिवसभर दोघी शेतात. तवसळी खालून शिजली, पण वरून पांढरी, ओलसर राहिली. यात माझा दोष होता आणि नव्हताही. ती वाडी विजेच्या तारेच्या अगदी टोकाला आहे. संध्याकाळी घरोघरी दिवे आणि टीव्ही लागले की तारेतला दाब उतरतो. दाब पाऊणपट झाला तर माझी उष्णता पाऊणपट होत नाही, निम्म्यापेक्षा जेमतेम जास्त उरते. मी जीव तोडून तापत होतो, पण जीवच अर्धा होता.

ताट पाहून बाळीने निदान केले. "वर निखारा न्हाई, मग वरनं भाजंल कसं?"

हे त्या घरातले पिढ्यांचे शास्त्र होते आणि ते खोटे नव्हते. टोपाला ते लागू होतेच. म्हणून पहिल्या शनिवारसाठी शुक्रवारी संध्याकाळी ताट आत सरकवल्यावर शांतीने चुलीतले निखारे एका पत्र्यावर घेतले आणि तो पत्रा माझ्या पाठीवर ठेवला. अगदी प्रेमाने ठेवला. राखीने क्षणभर तिच्याकडे पाहिले, पण आईच्या हाताला तिने कधी अडवले नव्हते.

माझ्या पाठीचा रंग फुगला. बटण प्लास्टिकचे होते, ते मऊ पडून एका बाजूला कलले. आणि उजव्या कुशीतल्या पट्टीला बाहेरून अशी धग लागली की तिला वाटले, काम झाले. ती वाकली. आत ताट अजून कोमट होते, पण सळया बंद पडल्या आणि लाल दिवा विझला.

राखीनेच सांगितले होते, दिवा विझला म्हणजे तापले; शांतीने त्याचा अर्थ भाजून झाले असा घेतला. निखाऱ्यांची धग पत्र्यातून खाली झिरपली होती, त्यामुळे वरचा पापुद्रा जरा तांबूसही दिसत होता. शांतीने समाधानाने ताट बाहेर काढले.

शनिवारी महाबळेश्वर मोटरसायकलवरून आला, ताट घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. तो चांगला माणूस होता. अंगणातच उभा राहून चपलेने माती उकरत म्हणाला, "शांतीअक्का, चवीला नाव न्हाई ठेवत. पण मधी पीठ हाय कच्चं. पाव्हण्यास्नी कसं देऊ?" पुढच्या शनिवारी आणखी एकदा बघू म्हणाला, आणि तेही भीडेपोटी. त्याच संध्याकाळी राखी सिग्नल मिळतो त्या टेकाडावर गेली आणि वास्कोला फोन करून आली. हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारच्या बसने येते, असा शब्द दिला.

परशुरामाने माझे वितळलेले बटण काढले आणि शिवणीच्या लाकडाचे नवे कोरून बसवले. पण मला वाटले, आता माझा माळा ठरला. बाळीही म्हणाली की जावयाची पाठवणी करा.

बुधवारी घरात कोणी नसताना शांती एकटीच शेतातून लवकर परतली. भर दुपार होती. ती माझ्यासमोर पाट घेऊन बसली. तिला एक गोष्ट सलत होती: दिवा विझला होता, मग मध्ये कच्चे कसे? तिच्याकडे घड्याळ नव्हते, म्हणून ती निवडायचे तांदूळ घेऊन बसली. माझ्या जाळीवर ताटली ठेवून तिने त्यात चिमूटभर पीठ पसरले, मला चालू केले आणि पुन्हा तसाच निखाऱ्यांचा पत्रा पाठीवर ठेवला. एक सूप तांदूळ निवडून व्हायच्या आत दिवा विझला. तिने दार उघडले. पीठ पांढरे होते.

तिने निखारे काढले. मला निवू दिले. पुन्हा चिमूटभर पीठ, पुन्हा तेच सूप, पण या वेळी पाठ मोकळी. तीन सुपे झाली तेव्हा दिवा विझला. पीठ खमंग, बदामी रंगाचे झाले होते.

मग संध्याकाळी, वाडीतले दिवे लागल्यावर, तिने तिसऱ्यांदा तेच केले. पाच सुपे झाली, दिवा विझेना, पीठ पिवळटच राहिले. ती उठली, छतातल्या बल्बकडे बघितले. तोही दुपारपेक्षा पिवळा होता.

मित्रांनो, माझ्या घडणीची जी हकिगत मी तुम्हाला सुरुवातीला सांगितली, ती शांतीला कोणी सांगितली नव्हती. ती चौथीपर्यंत शिकली होती. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचे तसेच ठेवायचे, हे तिला ठाऊक होते. रात्रीच्या जेवणाला तिने घरात सांगितले, "त्याला बाहेरनं चटका बसतोय नि त्याला वाटतंय आत तापलंय. ते बिचारं गप बसतंय." बाळी म्हणाली, अगदी जावईच तो, जरा मान दिला की कामच सोडतो. सगळे हसले. राखीही हसली, पण तिची पिशवी कोपऱ्यात भरून ठेवलेली होती.

शनिवारी सकाळी अकरा वाजता, वाडी शेतात असताना, मला आधी रिकामे तापवले. जाळी एक खाच वर घेतली. पाठीवर काही नाही. दोन ताटे एकामागून एक निघाली. कडेला तांबूस, मध्ये काडी घातली तर काडी कोरडी. त्यांचा वास अंगणापर्यंत गेला असावा, कारण महाबळेश्वर मोटरसायकल बंद करायच्या आधीच हसत होता. पुढच्या आठवड्यापासून दोन दिवस, दोन-दोन ताटे, असे ठरवूनच तो गेला.

आता सगळे जमले, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले. पण राखीने पिशवी रिकामी केली नाही. वास्कोला शब्द दिला होता. आणि शांती पुन्हा तिचे केस विंचरत बसली.

रविवारी दुपारी शांती माझ्या खालच्या ताटलीतले जळके कण झाडत होती. राखी शेजारी भांडी पुसत होती. शांती माझ्याकडेच बघत म्हणाली, "तू जाऊ नको. मला तू इथं पाहिजेस."

राखीचा हात थांबला. "मग इतके दिस बोलली का न्हाईस?"

"तुला जायाचंच हाय असं वाटलं."

"नि मला वाटलं, मी कधी जाते त्याची तू वाट बघतीस."

शांतीने ताटली पुन्हा आत सरकवली. राखी पुन्हा भांडी पुसू लागली.

सोमवारी सकाळी राखी पिशवी घेऊन बाहेर पडली. स्वयंपाकघरातून रस्ता दिसत नाही, त्यामुळे पुढचे मी फक्त ऐकले. बसचा हॉर्न वळणावर वाजला. बस थांबली. थोडा वेळ थांबून राहिली. मग गिअर पडला आणि आवाज उतारावरून लांब गेला. शांती आढ्याला केळीच्या सोपाच्या दोरीने टांगलेले एक तवसे सोडवत होती. तिचे हात वर तसेच राहिले.

बऱ्याच वेळाने अंगणात पावले वाजली. बाळीने ओसरीवरून विचारले, "बस चुकली व्हय गं?"

"न्हाई," राखी म्हणाली. "बस वेळेवर आली. येत न्हाई म्हणून वास्कोला द्यायची चिठ्ठी कंडक्टरकडं दिली."

 शांतीने तवसे सोडवले, लेकीच्या हातात दिले आणि किसणी तिच्याकडे सरकवली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी पेटी असेल. तिच्यातले कण रोज झाडा. तापलेल्या काचेवर पाणी मारू नका. तिच्या पाठीवर काही ठेवू नका. आणि तिने एखादे काम बिघडवले, तर लगेच माळ्यावर टाकू नका. एक सूप तांदूळ घेऊन तिच्यासमोर बसा, आणि ती काय करते ते नीट पाहा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येते, तरी तुम्हाला किती वेळ लागतो.