आनंदराजची हाजिरी

मुदखेडजवळची गिट्टीची खदान बंद पडली आन् मालकानं सांगितलं, कुणाला वाऱ्यावर सोडणार न्हाई, खरे, म्हंजी हाजिरीत नाव असलेले कामगार मुरुडच्या नव्या खदानीत घेऊ. खरे! हा शब्द ऐकूनच पंचशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

खदानीत नवरा-बायकोची जोडी लागायची. दगड दोघांनी फोडायचा, पण हाजिरीला हाक एकाचीच, नवऱ्याची. पंचशीलाचा नवरा आनंदराज दम लागून मेला. त्याचा जलदान विधी उरकून ती कामावर आली, तर व्यंकटी मुकादमानं सवयीनं पुकारलं, "आनंदराज!" तिच्या तोंडून निघून गेलं, "हाव." तवापासून रोज तेच. माझं नाव घे, असं ती कधी म्हणलीच न्हाई. तिथंच चुकलं. नवऱ्याचं नाव रोज सकाळी कानावर पडतंय, एवढ्यावरच बिचारीला बरं वाटायचं.

आज मुरुडचा टेम्पो येऊन उभा राहिला. ऑफिसातला साहेब नावं पुकारू लागला. "आनंदराज!"

"हाव," म्हणत पंचशीला पुढं झाली.

साहेब हसला. "बाई, तुम्ही आनंदराज?"

"तो वारला, साहेब," व्यंकटी मधीच बोलला. "ही त्याची बायको. हिला काय आपण कामावर घेतली नव्हती."

"मग व्हा बाजूला. पुढचा!"

टेम्पोत बसलेल्या मल्लेशनं मान खाली घातली. हा गडी तापानं फणफणला होता, तवा त्याच्या वाटचा दगड पंचशीलानं फोडला होता. बाकीचे टेम्पोत आपापली जागा धरू लागले. लाज वाटायला पायजे होती एकेकाला!

"थांबा!" पंचशीला कडाडली. "मुकादम, आनंदराज मेला म्हणतो ना? मग इतकी वर्षं हातोडा कुणाच्या हातात दिला रे? मढ्याच्या? माझी पोर नर्सिंगला हाय. हे काम गेलं तर ती उद्या घरी बसंल. घे माझं नाव! साहेबापुढं पुकार!"

व्यंकटीनं तोंड उघडलं. मल्लेशकडं बघितलं, साहेबाकडं बघितलं आन् डोकं खाजवू लागला. रोज समोर हाजिरी देणाऱ्या बाईचं नाव त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

"पंचशीला!" तिनंच ओरडून सांगितलं. फाळक्यावर पाय देऊन ती टेम्पोत चढली, मल्लेशला ढकलून बसली. "आता मला उतरवून दाखवा."