ऋणनिर्देशातले टोकन

साधा निरोप धाडला तरी त्याखाली खुलासा जोडल्यावाचून त्याला राहवत नसे, म्हणून ताईनेच आपल्या धाकट्या भावाचे नाव ‘तळटीप’ ठेवले होते. आज तिच्या दातांच्या दवाखान्यात सकाळपासून सगळा उलटा कारभार चालला होता. संगणकावर रुग्णांची रांग लावणारे पॅकेज, म्हणजे छोटेसे सॉफ्टवेअर, तळटिपेने लिहिलेले. त्यातल्या चुकीपायी जो शेवटी येई त्याचाच क्रमांक आधी पुकारला जाई. हे ध्यानात येताच सारे रुग्ण बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले आणि सुजलेल्या गालांनी एकमेकांना “आधी तुम्ही, आधी तुम्ही” म्हणू लागले. आत खुर्ची रिकामी.

“दहापर्यंत सरळ कर, नाहीतर मी परत वहीवर रांग लावते,” ताईने बजावले. जगात हे पॅकेज वापरणारी ती एकटीच होती.

दुरुस्ती केव्हाच झाली होती. ती पॅकेजांच्या इंटरनेटवरच्या, सगळ्यांना खुल्या भांडारात चढवायला टोकन लागे. टोकन म्हणजे चाळीस अक्षरांची गुप्त किल्ली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून तळटिपेने ते बनवले, पॅकेज धाडले. भांडाराने पॅकेज परत केले आणि टोकनही रद्द केले. दुसऱ्याची तीच गत, तिसऱ्याचीही. “हा निव्वळ आकस आहे!” म्हणत त्याने सात कलमांचे निषेधपत्र लिहायला घेतले.

ताई हातमोज्यांसकट मागे येऊन उभी राहिली. “निषेध नंतर कर. पॅकेजमध्ये काय काय घातलंयस?”

“कोड, चाचण्या, प्रस्तावना, ऋणनिर्देश.”

“आभार कोणाचे?”

“ज्यांची मदत झाली त्या सगळ्यांचे. टोकनाचेही, पूर्ण उल्लेखासह.”

“पूर्ण म्हणजे?”

“चाळीसच्या चाळीस अक्षरं. अर्धवट नाव घेणं असभ्यपणाचं.”

ताईने कपाळावर हात मारला. “अरे शहाण्या, किल्ली दारावरच टांगलीस की! कोणाच्या हाती लागू नये म्हणून भांडारवाले ती मोडून टाकतात.”

“मग काय कृतघ्न व्हायचं?”

“हो. पाच मिनिटांत.”

जड अंतःकरणाने त्याने ते वाक्य खोडले, चौथे टोकन बनवले आणि पॅकेज निमूट चढले. दवाखान्याच्या संगणकाने नवी आवृत्ती उचलली, आधी आलेल्याचा क्रमांक पहिला पुकारला गेला आणि पायऱ्यांवरची सगळी सभ्य मंडळी एकदम दारात अडकली.

“पुढच्या आवृत्तीत तुझे आभार मानतो, ताई.”

“मान. फक्त दवाखान्याच्या कुलपाचा आकडा त्यात नको.”

तळटिपेने नुकतीच लिहिलेली ओळ गुपचूप पुसली.