क्रेटखालची घार

आम्रपालीचा फोन आला तेव्हा हिराबाई भाकरी थापत होत्या.

"आजी, माझी घार तुझ्या सोसायटीत उतरलीय. सकाळपासून एकाच जागी दाखवतेय. बघ ना जरा. मी विश्रांतवाडीहून निघालेच."

पंख फुटलेली घारीची पिल्लं घरटं सोडून कुठं जातात, हे शोधायला नात त्यांच्या पाठीवर छोटं यंत्र बांधी. उपग्रहामार्फत त्यांचा ठावठिकाणा तिच्या मोबाइलवर येई.

हिराबाई पिठाच्या हातांनीच मागे गेल्या. पाण्याच्या टाकीपाशी ही गर्दी. सेक्रेटरी दिगंबरनं घार भाजीच्या क्रेटखाली कोंडली होती, आणि हातात कात्री.

"हेरगिरीचं यंत्र आहे, काकू! शेजारी दारूगोळ्याचा कारखाना. पट्टा कापतो आणि देतो पोलिसांत."

"माझ्या नातीचं आहे ते. ती येतेय."

"कशावरून?"

"आणि हिनं काय बातमी न्यायची रे? आपली टाकी गळते, ही?"

कोणीतरी हसलं. दिगंबर चिडला. त्यानं क्रेट तिरका केला तशी घार पंख आपटू लागली. एवढ्या झटापटीत कात्री चालली, तर पट्ट्याबरोबर पंखही जायचा. हिराबाईंनी क्रेट खाली दाबला आणि वर बसल्या.

"उठा, काकू."

"नाही उठत."

त्याच कारखान्यात त्यांनी काडतुसं भरली होती. भोंगा झाला की गेटवर रांग, झडती. अंबाडासुद्धा सोडून दाखवायचा. सोबतच्या सुंदराबाईचे केस गुडघ्यापर्यंत. ती ते पुन्हा बांधेस्तोवर बस निघून जायची. सगळ्याजणी मुकाट सोसत. नोकरी होती.

"झडत्या खूप दिल्या मी, दिगंबर. या पाखराची नाही देणार. बोलव पोलिसांना. मी इथंच आहे."

खालून चोच पदर ओढत होती. ऊन चढलं, माणसं पांगली. दिगंबर कात्री घेऊन समोर, हिराबाई क्रेटवर.

आम्रपाली धावतच आली. वनखात्याच्या परवानगीचा कागद तिनं दिगंबरला दिला, हातमोजे चढवून घार उचलली, पंख उलगडून पाहिले.

"धड आहे. तहानेनं उतरली असेल."

"सोसायटीला आधी कळवायला हवं होतं," दिगंबर पुटपुटला.

"सांगते हो तिला," हिराबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी अर्ज देऊन उतरेल."

पाणी पाजून आम्रपालीनं हात मोकळे केले. घार उठली, टाकीवर एक घिरटी घातली आणि सरळ कारखान्याच्या भिंतीवरून पलीकडे गेली.

"बघा! तिकडंच गेली!"

हिराबाईंनी क्रेट उचलून दिगंबरच्या हातात दिला.

"जा, अडव."