बादलीवरची दुपार

"दार उघड, नाहीतर फोडीन!"

"फोडा की! मग रोज उघड्यावर आंघोळ करा!"

बाथरूमच्या दाराच्या अलीकडे पीपीआजोबा, पलीकडे त्याची बायको. पीपीआजोबा हे बिल्डिंगमधल्या पोरांनी ठेवलेलं नाव. जन्मभर बस चालवून रिटायर झाला, तरी जिना उतरताना वळणावर म्हातारा तोंडाने हॉर्न मारायचा.

त्या दुपारी मात्र त्याची तंतरली होती. लॉकडाऊन लागल्यापासून रोज हेच. जेवणं झाली, भांडी झाली, की बायको आत शिरायची आणि कडी घालायची. पाण्याचा आवाज नाही, काही नाही. बाहेर यायची ती लाल डोळे घेऊन. तळमजल्यावरचा शिंपीही असाच गप्प गप्प राहिला होता. ताप लपवला. मग एक दिवस पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माणसं आली आणि त्याला गाडीत घालून घेऊन गेली. त्याचं मशीन अजून खिडकीत होतं, सुईखाली अर्धी शिवलेली बाही तशीच.

"अगं, ताप आलाय का? खरं सांग. कुणाला नाही सांगत."

"ताप नाही, डोक्याला ताप आहे!"

"कुणाचा?"

"घरात दुसरं आहे कोण?"

म्हाताऱ्याने खांदा मारला. कडी आधीच लटकत होती, ती पडली. आत बघतो तर काय, बायको पालथ्या बादलीवर बसलेली. पाठीला टॉवेल, मांडीवर शेंगदाण्यांची वाटी, केस मोकळे. डोळे लाल होते ते झोपेने. बादलीवर बसून डुलक्या काढत होती बाई!

"हे काय?"

"माझी दुपार आहे ही."

"बाथरूममध्ये?"

"मग कुठे काढू? लग्न झाल्यापासून तुम्ही सकाळी जायचात ते अंधार पडल्यावर यायचात. रिटायर झालात तरी डेपोच्या गेटवर जाऊन बसायचात. दुपार माझी होती. पाय पसरायचे, केस सोडायचे, वाटलं तर भिंतीशी भांडायचं. आता वळावं तिकडे तुम्ही! कपाट सरकवलं की मागून 'येऊ दे, येऊ दे, बस्स!' कांदा चिरला की 'सुरी अशी धर'. खोल्या दोन आणि दोन्हीत तुम्हीच. जमतं कसं हो तुम्हाला?"

म्हाताऱ्याचं टाळकं सटकलं. "मग काय खिडकीतून उडी मारू?"

"दुसरा मजला आहे. नुसता पाय मोडेल. मग तर कायमचे घरात पडाल."

तो पाय आपटत बाहेरच्या खोलीत गेला. पण बसणार कुठे? पलंगावर तिच्या घड्या, खुर्चीवर तिचं विणकाम, गॅलरीत तिच्या कुंड्या. त्याची अशी एकच खुंटी होती, खाकी शर्टाची. मग खिडकीशी उभा राहिला. खाली रस्ता चाटून पुसून साफ. जन्मभर ज्या गर्दीला शिव्या घातल्या ती गायब. नुसता कोपऱ्यावर पोलिस, झाडाखाली खुर्ची टाकून. एवढा मोकळा रस्ता आणि हा गजांना धरून वरून बघतोय. बसमधला कंटाळलेला माणूससुद्धा पुढच्या स्टॉपला उतरतो. हिला उतरायला आपण स्टॉपच नाही ठेवला, हे तेव्हा कुठे त्याच्या टाळक्यात शिरलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने खाकी शर्ट चढवला, मास्क लावला, पाण्याची बाटली घेतली.

"येतो गं. ड्युटी आहे."

"कुठे? खाली पोलिस आहे. टिरीवर फटके खाल या वयात!"

"खाली जातोय कोण?"

तो जिन्यात बसला, दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर. समोर भिंत, भिंतीला हातभर जाळी, जाळीतून दिसायची पुन्हा भिंतच. ढुंगण बधिर व्हायचं, गुडघे बोंबलायचे, डास फोडून काढायचे. वरच्या वहिनी कचरा घेऊन उतरताना हसल्या.

"काय काका, घरातून हाकललं का?"

"छे हो. सिग्नलला उभा आहे."

"सुटेल ना कधीतरी?"

"ते सरकारला विचारा."

मग दारामागून गाणं आलं. बायको गात होती. बेसूर, पण घसा मोकळा सोडून. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. पळत आत जावं, असं त्याला फार वाटलं. पण दार वाजलं असतं तर गाणं मेलं असतं. मग बसला तसाच डास मारत, तेही आवाज न करता.

रोज तेच. शिंपी काही परत आला नाही. मशीनवर धूळ चढली. बंदी उठेल उठेल म्हणत सगळे टीव्हीला डोळे लावून बसले, आणि टीव्हीने सांगितलं, अजून वाढवली. त्या दुपारी म्हाताऱ्याने खाकी शर्ट हातात घेतला आणि नुसताच उभा राहिला. जिन्यातली ती भिंत पुन्हा बघायची त्याला इच्छाच होईना.

बायको दोन कप घेऊन आली.

"आज बसा की घरात. चहा दोघांचा टाकलाय."

"खरंच?"

"खोटं कशाला बोलू? गुडघे बघा तुमचे, सुजलेत."

म्हातारा खुर्चीपर्यंत गेलासुद्धा. विणकाम तिने उचलून ठेवलं होतं. बसता बसता त्याने तिच्याकडे पाहिलं. केस अजून घट्ट बांधलेले होते.

त्याने शर्टाची बटणं लावली.

"माझा झाकून ठेव. मला आता निघायलाच पाहिजे."